तळे कोणाच्या खात्यावर?
महाड नगरपालिकेचा एक ठराव आणि दहा वर्षांचा दावा

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यातील शेवटचे अपील फेटाळले. त्याआधी दहा वर्षे, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. म्हणजे दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

त्या ओंजळीचा इतिहास महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तिच्यावर कविता झाल्या, चित्रे झाली, दरवर्षी महाडला यात्रेसारखी गर्दी होते. पण त्या दहा वर्षांत न्यायालयांत जे कागद फिरले त्यांतला प्रश्न वरवर पाहता फार रुक्ष होता. तळे मालकीचे कोणाचे? त्याच्या डागडुजीचा पैसा कोणी दिला? नगरपालिकेने ठराव केला तर त्याने कोण बांधले जाते, आणि तोच ठराव तिने मागे घेतला तर? एका लहान गावाच्या नगरपालिकेपुढे नेहमी पडतात त्याच जातीचे हे प्रश्न. गटार कोणी काढायचे, दिवाबत्तीचा खर्च कोणावर, अमुक जागा सरकारी की खासगी, यांच्याच पंगतीतले.

सत्याग्रहाची हकीकत या लेखात पुन्हा सविस्तर सांगायची नाही. ती अनेकांनी उत्तम सांगितली आहे. इथे पाहायचे आहे ते त्या नगरपालिकेकडे. तिच्या हाती काय होते, तिने काय केले, काय टाळले, आणि तिच्या हिशेबवहीतला एक प्रश्न पुढे थेट भारताच्या संविधानात कसा जाऊन बसला, एवढेच.

नगरपालिका म्हणजे कोण?

महाड हे सावित्री नदीकाठचे जुने बंदर. घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रावरून येणारा माल यांची इथे गाठ पडे. रायगड जवळ, त्यामुळे शिवकाळाशी नाते. १७९६ मध्ये नाना फडणिसांच्या राजकारणातला महाडचा तह इथलाच. इंग्रजी अमलात ते कुलाबा जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण झाले. कचेरी, कोर्ट, बाजार, दवाखाना, आणि नगरपालिका.

अशा गावांना नगरपालिका मिळाल्या त्याची कथा लक्षात घेण्यासारखी आहे. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने सरकारने सांगितले, की गावातल्या रहिवाशांनी मागणी केली तर तिथे नगरपालिका स्थापता येईल. बंगालमध्ये आधीचा प्रयोग फसला होता, कारण त्यात घरांवर थेट कर बसवायचा होता आणि तो कोणालाच नको होता. १८५० च्या कायद्याने अप्रत्यक्ष कराची मोकळीक दिली. मुंबई इलाख्यातल्या गावांनी ती चटकन उचलली आणि जकात हाच नगरपालिकांचा मोठा आधार झाला. गावाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावर पैसे घ्यायचे. ज्याला घरपट्टी खुपते त्याला जकात खुपत नाही, कारण ती मिठाच्या आणि धान्याच्या भावात मिसळून जाते.

पुढे लॉर्ड रिपनचा १८८२ चा ठराव आला आणि त्यामागोमाग १८८४ चे मुंबई इलाख्याचे कायदे. नेमलेल्या सभासदांच्या जोडीला निवडून आलेले सभासद बसू लागले. १९०१ साली ‘बॉम्बे डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल ॲक्ट’ झाला. महाडची नगरपालिका आपल्या कथेच्या काळात याच कायद्याखाली चालत होती. त्याच्या पन्नासाव्या कलमाने हद्दीतली सार्वजनिक मालमत्ता नगरपालिकेकडे निहित होत होती. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. दहा वर्षांच्या दाव्याचा अर्धा भाग त्यावरच सुटला.

आता या व्यवस्थेतली गोम पाहा. मताचा अधिकार मालमत्तेवर आणि भरलेल्या करावर अवलंबून होता. जकात मात्र सगळ्यांच्याच खिशातून जात होती. गावकुसाबाहेरचा माणूस महाडच्या बाजारात येऊन मीठमिरची घेई तेव्हा, जिथे जकात होती तिथे, तोही नगरपालिकेची तिजोरी भरत असे. मतदारयादीत मात्र तो नव्हता. ज्यांची घरे, दुकाने, वखारी होत्या तेच मतदार, तेच सभासद, आणि गावात काही काम काढायचे झाले की वर्गणी देणारेही तेच. लहान गावची नगरपालिका ही कायद्याने सगळ्या गावाची संस्था होती आणि व्यवहारात काही आळ्यांची.

महाडच्या परिसरात याचा एक जुना दाखला आहे. रावदळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त लष्करी, महार समाजातले पहिल्या पिढीतले विचारवंत. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा सवर्ण सभासदांनी बहिष्काराचे हत्यार उपसले. एका माणसाशेजारी बसून रस्त्याच्या खडीचा हिशेब करायलाही त्यांची तयारी नव्हती. तळ्याचा प्रश्न उभा राहण्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट.

तळे आणि विहीर

चवदार तळे म्हणजे चार-पाच एकरांचा मोठा जलाशय. पावसाचे पाणी आणि काही झरे हा त्याचा आधार. भोवताली नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे घरे; बहुतेक सवर्ण हिंदूंची, थोडी मुसलमानांचीही. तळ्याच्या कडेच्या काही पट्ट्या, घाट आणि दगडी बांध या घरवाल्यांच्या खासगी मालकीचे. तळे किती जुने ते कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. अडीचशे वर्षांहून कमी नाही, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य होते.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसांचे महाडला येणे-जाणे नेहमीचे होते. बाजारहाटासाठी, आणि गावकामगार म्हणून सरकारी टपाल आणि वसूल तालुक्याच्या कचेरीत पोचवण्यासाठी. म्हणजे सरकारचेच काम करायला आलेल्या माणसाला सरकारच्याच गावात पाणी नव्हते. आंबेडकरांनी पुढे इंग्रजीत लिहून ठेवलेल्या टिपणात त्यांच्यासाठी असलेल्या एकुलत्या एका जागेचा उल्लेख आहे. अस्पृश्यांच्या वस्तीतली विहीर. ती गावाच्या मध्यापासून लांब होती आणि नगरपालिकेने लक्ष न दिल्याने गाळाने बुजलेली होती.

नगरपालिकेच्या कारभारावर यापेक्षा नेमका शेरा शोधून सापडणार नाही. तळ्याच्या बाबतीत नोंद आहे, की १८९९ मध्ये नगरपालिकेने ते साफ केले, गाळ काढला, आणि त्या खर्चाचा काही भाग लोकवर्गणीतून उभा राहिला. म्हणजे जिथे वर्गणीदार होते तिथला गाळ निघाला. जिथे वर्गणीदार नव्हते तिथला राहिला. यात कोणी मुद्दाम दुष्टावा केला असे म्हणायची गरजच पडत नाही. पैसा जिकडून येतो तिकडे काम वळते, ही साऱ्या लहान नगरपालिकांची सवय, आणि ती सवय जातीच्या रेषेवरून जशीच्या तशी चालत गेली.

‘सार्वजनिक पैसा’ हा शब्द

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. रावबहादूर बोले भंडारी समाजातले, मुंबईतल्या कामगारांच्या आणि समाजसुधारणेच्या कामात मुरलेले. त्यांच्या ठरावाचा आशय असा, की जे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा राखलेल्या आहेत, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात आहेत, त्या अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही.

या ठरावाची बांधणी नीट पाहिली पाहिजे. त्यात धर्मशास्त्राचा शब्द नाही. अस्पृश्यता पाप की पुण्य या वादात बोले शिरत नाहीत. त्यांनी पकडले ते पैशाचे टोक. ज्याला सार्वजनिक पैसा लागला आहे ते सार्वजनिक. ज्या संस्थेला कायद्याने जन्म दिला तिने कायद्याच्या प्रजेत भेद करायचा नाही. देवळाच्या दारात हा युक्तिवाद थांबला असता; पाणवठ्यावर तो थांबवणे अवघड होते.

सरकारने ठराव मान्य केला आणि ११ सप्टेंबर १९२३ च्या आदेशाने खात्याखात्यांना अंमलबजावणी करायला सांगितले. कुलाब्याच्या कलेक्टरांकडून त्याची प्रत महाड नगरपालिकेकडे आली. ५ जानेवारी १९२४ रोजी नगरपालिकेने त्यावर ठराव केला. अस्पृश्यांनी तळे वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही.

‘हरकत नाही.’ कचेरीत वावरलेल्या माणसाला या दोन शब्दांचे वजन कळते. त्यात तळ्यावर पाटी लावण्याचे ठरले नाही, शिपाई ठेवण्याचे ठरले नाही, दवंडी पिटण्याचे ठरले नाही. खर्चाची एकही बाब मंजूर झाली नाही. वरून कागद आला, त्याला उत्तर गेले, फाइल बंद झाली. सव्वातीन वर्षे तळे होते तसेच राहिले.

याचा दोष सगळ्या सभासदांवर सारखा टाकता येणार नाही. महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे मनापासून या बाजूचे होते आणि पुढे ते आंबेडकरांबरोबर उभेही राहिले. अनंत विनायक चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळीही होती. महाड परिसरातले रामचंद्र बाबाजी मोरे परिषदेसाठी झटत होते. पण चार चांगली माणसे संस्थेत असणे वेगळे आणि संस्थेने आपला ठराव रस्त्यावर उतरवणे वेगळे.

बोल्यांना हे दिसत असावे. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे आधीच्या ठरावाची अंमलबजावणी नाकारतील त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. पुन्हा पैसाच. पहिल्या ठरावात पैसा हा हक्काचा पुरावा होता, दुसऱ्यात तो अंकुश झाला. लहान नगरपालिकेला उपदेशाने हलवता येत नाही, तिचे अनुदान अडले की ती हलते, हे बोल्यांनी ओळखले होते.

चाळीस रुपयांचे पाणी

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारो माणसे आली. त्यांना पाणी कुठून द्यायचे? नगरपालिकेच्या कागदावर तळे सव्वातीन वर्षांपूर्वीच खुले झाले होते. प्रत्यक्षात परिषदेच्या चालकांनी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घेतले. त्या काळचे चाळीस रुपये म्हणजे मजुराच्या कित्येक दिवसांची कमाई. नगरपालिकेच्या ठरावाची खरी किंमत यावरून काढता येते. जे हक्काने फुकट मिळायचे ते चाळीस रुपये मोजून घ्यावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी परिषद तळ्यावर गेली. पुढचे सर्वांना माहीत आहे. अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्यांवर, जेवणाऱ्यांवर हल्ले झाले. मग एकशे आठ घागरींनी पंचगव्याचे मिश्रण ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

नगरपालिकेच्या दृष्टीने या घटनेत एक बोचणारी गोष्ट आहे. तळे जर नगरपालिकेचे, तर त्यात घागरी ओतायची परवानगी कोणी दिली? उद्या कोणी उठून नगरपालिकेच्या हौदात काही ओतले तर दंड झाला असता. इथे गावातल्या मंडळींनी जणू आपल्या वाड्यातली विहीर उपसावी तसे ते तळे हाताळले. ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्या संस्थेची मालकी किती पातळ होती ते त्या दिवशी दिसले.

आणि मग नगरपालिकेने आपली उरलीसुरली मालकीही झटकली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांचा ठराव कौन्सिलात संमत झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तारीख जुळली तो योगायोग असेल. पण वरच्या सभागृहाने दिलेले खालच्या सभागृहाने त्याच तारखेला परत घेतले, ही नोंद वहीत कायमची राहिली. ठराव रद्द करताना सभासदांच्या डोळ्यांपुढे कोण होते हे सांगायला पुरावा लागत नाही. मतदारयादी समोर होतीच.

आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा महाडला जायचे ठरवले.

दावा

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशाच्या कोर्टात काही सवर्ण रहिवाशांनी आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. मागणी अशी, की चवदार तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क आमचाच आहे, आणि अस्पृश्यांना तसा हक्क नाही असे जाहीर करून त्यांना मनाई करावी. दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

नऊ महिन्यांपूर्वी लाठीने जे साधले होते ते आता मुद्रांकाच्या कागदावर साधायचे होते. मार्चमधल्या हल्लेखोरांविरुद्ध सरकार उभे राहू शकत होते. डिसेंबरात मनाई हुकूम मोडला असता तर आंबेडकरांना सरकारशीच झुंजावे लागले असते. २५ डिसेंबरला परिषद भरली. तिच्यासाठी हिंदूंची जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदवली होती. कलेक्टरांनी येऊन कोर्टाच्या हुकमाची जाणीव दिली. शेवटी तळ्यात न उतरता तळ्याभोवतीच्या रस्त्यावरून मिरवणूक नेण्याचे ठरले.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली आणि अधूनमधून आजही होते. मला तो निर्णय त्या दाव्याच्या नजरेतून पाहिल्यावर वेगळा दिसतो. मिरवणूक गेली ती नगरपालिकेच्या रस्त्यावरून. तळ्याला चारही बाजूंनी सार्वजनिक रस्त्याने वेढले आहे, हे पुढे उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात तळ्याच्या वर्णनातच आले. हजारो माणसांनी ती प्रदक्षिणा घातली तेव्हा रस्ता सार्वजनिक, घाट खासगी आणि मधले पाणी वादातले, हा सगळा नकाशा त्यांनी पायांनी आखला होता.

तात्पुरता मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. दावा मात्र चालू राहिला.

वहिवाट सिद्ध करा

महाडच्या कोर्टाने ८ जून १९३१ रोजी निकाल दिला आणि वादींचा दावा फेटाळला. ते ठाण्याला अपिलात गेले; ३० जानेवारी १९३३ रोजी तिथेही हरले. मग उच्च न्यायालय. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर हे त्या दुसऱ्या अपिलाचे नाव. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांच्यापुढे ते चालले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे आणि १९२८ मध्ये बारडोलीच्या साराचौकशीवर नेमले गेलेले.

वादींचा पहिला मुद्दा मालकीचा. तो महाडच्याच कोर्टात पडला. १९०१ च्या कायद्याच्या पन्नासाव्या कलमाने तळे नगरपालिकेचे ठरले आणि वरच्या कोर्टांत वादींनी त्यावर वाद घातला नाही. म्हणजे ठराव रद्द करून नगरपालिकेने हात झटकले तरी कायदा तिच्या हातातून तळे काढून घ्यायला तयार नव्हता. मालकी ही ठरावाने येत-जात नाही. ज्या कायद्याने नगरपालिकेला जन्म दिला त्यानेच तळे तिच्या ओटीत घातले होते.

उरला दुसरा मुद्दा, वहिवाटीचा. अस्पृश्यांना वगळून आम्हीच पाणी वापरायचे, ही अनादी काळापासूनची प्रथा आहे, असे वादींचे म्हणणे. १८९९ ची लोकवर्गणी इथे पुन्हा वर आली. तळे साफ करायला वर्गणी दिली ती, जेवढे दिसते त्यावरून, सवर्ण हिंदूंनीच. बांधांची डागडुजीही कडेच्या घरवाल्यांनी वेळोवेळी केलेली. ज्याने पैसा घातला त्याचा हक्क, असा हा सूर. बोल्यांनी पैशाचे जे टोक पकडले होते त्याचेच दुसरे टोक वादींनी धरले होते.

न्यायालयाने त्याला दाद दिली नाही. वगळण्याची रीत बऱ्याच काळापासून चालत आली होती एवढे पुराव्यावरून दिसत होते; पण ती स्मरणातीत काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. देवळांच्या दाव्यांचे दाखले दिले गेले. देऊळ ही एका समूहासाठी वाहिलेली जागा असू शकते, तिथे जुन्या रिवाजावरून काही गृहीत धरता येईल. पण चार-पाच एकरांच्या उघड्या तळ्याचे तसे नाही. त्याच्याभोवती सवर्णांची घरे उभी राहीपर्यंत कोणी पाण्यावर एकट्याचा हक्क सांगायचा प्रयत्न केला असेल, हे न्यायमूर्तींना संभवनीय वाटले नाही. आधी तळे होते, घरे नंतर आली. घरे येऊन भोवती बसली म्हणून तळे घरवाल्यांचे होत नाही.

वकिली कसबाच्या दृष्टीने हा निकाल नीटनेटका आहे. पण त्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. वादी हरले ते पुरावा अपुरा पडला म्हणून. अशी प्रथा वाजवी आहे का, ती सार्वजनिक धोरणाविरुद्ध जाते का, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरज पडली नाही. समजा वादींकडे तीनशे वर्षांचा एखादा जुना महजर असता, पेशवाईतला शिक्क्याचा कागद असता, तर? १९३७ च्या कायद्यात या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर नव्हते. महाडचे पाणी खुले झाले खरे. ते कायद्याच्या तत्त्वावर खुले झाले नाही, वादींच्या दप्तरातल्या एका उणिवेवर झाले.

वहीतून संविधानात

तेरा वर्षांनी हे चित्र बदलले. २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांची यादी आहे. त्या पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या असतील, अथवा सर्व जनतेच्या वापरासाठी वाहिलेल्या असतील, तर धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे मज्जाव करता येत नाही. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच नष्ट केली. तिच्या वहिवाटीचा पुरावा आता कोणी कितीही जुना आणला तरी उपयोग नव्हता.

हे कलम महाडच्या कागदांशेजारी ठेवून वाचावे. ‘राज्याच्या पैशातून’ हा बोल्यांच्या १९२३ च्या ठरावातला धागा. ‘तलाव’ आहे, ‘घाट’ आहे, ‘रस्ते’ आहेत. चवदार तळ्याच्या नकाशातली प्रत्येक गोष्ट आहे. आणि ‘अंशतः’ हा एक लहानसा शब्द आहे. १८९९ च्या वर्गणीला त्यात उत्तर मिळाले. खर्चाचा थोडा भाग जरी सार्वजनिक असला तरी पुरे, उरलेला तुम्ही दिलात म्हणून दार लावता येणार नाही. मसुदा समितीने महाडची वही समोर ठेवून हा शब्द घातला असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की त्या समितीच्या अध्यक्षांनी या प्रश्नावर दहा वर्षे प्रतिवादी म्हणून काढली होती.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. बाराव्या अनुच्छेदात ‘राज्य’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात स्थानिक प्राधिकरणे येतात. म्हणजे नगरपालिका हीसुद्धा राज्यच. १९२४ ची महाड नगरपालिका ‘आमची हरकत नाही’ म्हणून बाजूला उभी राहू शकली, कारण ती स्वतःला सरकार आणि गाव यांच्यामधली टपालपेटी समजत होती. १९५० नंतर तिला ती सोय राहिली नाही. समानतेचे बंधन थेट तिच्यावर आले. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आल्या. ज्यांचे नाव मतदारयादीत नव्हते त्यांची नातवंडे-पतवंडे सभागृहात बसू लागली.

म्हणून सगळे मिटले असे नाही. लहान गावांच्या नगरपालिकांपुढे आजही तोच पेच नव्या रूपात येतो. कायद्याने कर्तव्यांची लांबलचक यादी दिलेली असते, तिजोरीत पैसा नसतो, आणि जो थोडा असतो तो कोणत्या आळीत खर्च व्हावा हे आवाज कोणाचा मोठा यावर ठरते. जकात गेली, आता अनुदानावर भिस्त आहे. वरून आदेश येतात, खालून ‘नोंद घेतली’ असे ठराव जातात. कुठल्या वस्तीची जलवाहिनी शेवटी टाकली गेली, कुठल्या वस्तीचे गटार अजून उघडे आहे, हे गावाच्या नकाशावर टिपून पाहिले तर गाळाने बुजलेल्या त्या विहिरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

नगरपालिकेचे ठराव वाचताना म्हणून मी आधी खर्चाचा रकाना पाहतो. ५ जानेवारी १९२४ च्या ठरावात तो रिकामा होता. तो भरला असता, तळ्यावर एक पाटी आणि महिनाभर एक शिपाई एवढाच खर्च मंजूर झाला असता, तरी गावाचा विरोध कदाचित थांबला नसता. पण १९२७ च्या मार्चमध्ये लाठ्या घेऊन आलेल्यांसमोर नगरपालिका स्वतः उभी असती. त्या जागी चाळीस रुपये देऊन पाणी विकत घेणारी माणसे उभी राहिली, आणि नगरपालिकेचे तळे नगरपालिकेचेच आहे हे कोर्टात ठरेपर्यंत दहा वर्षे ती तिथेच उभी होती.